सामानापाशी आई

यार, आमच्या आईला तू चौकातल्या बाजारात पाहिलंयस ना? आम्ही चिकनच्या भरतकामाचे कुर्ते बघत हिंडतो आणि ती दुकानाच्या पायरीवर सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसते. बाबांची रेल्वेतली नोकरी, सारखा प्रवास, त्यामुळे आमच्या घरचा नियमच झालाय: सामानापाशी आई.

यंदा गोव्याला गेलो. दिवसभराची बोटीची सहल होती. मधे मधे बोट थांबणार, ज्याला हवं त्यानं समुद्रात पोहायचं. पहिल्या थांब्याला आम्ही लाइफ जॅकेटं चढवली. बाबा सवयीनं म्हणाले, "तू बस गं सामानापाशी." आई बसलीसुद्धा.

तेवढ्यात इकडं उत्तरेतच वाढलेल्या माझ्या लेकीनं, मिनीनं विचारलं, "नानी, यहाँ चोर तैरकर आएगा क्या?"

सगळे हसले. आई नाही हसली. तिनं चारही बाजूंच्या पाण्याकडे बघितलं, पिशव्या खाली ठेवल्या, जॅकेट घातलं आणि कुर्त्यानिशी सरळ उडी मारली. मी घाबरून ओरडले. बघते तर ती मस्त हात मारत निघालेली!

आम्हीही पाण्यात उतरलो. तिला गाठून मी विचारलं, "आई, तुला पोहता येतं?"

"मालवणची ना मी!"

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?"

"अगं, पाण्यापाशी पोचलं की तुम्ही माझ्या हातात पिशव्या द्यायचात."

बाबा शेजारीच होते. शिडी चढून वर गेले आणि पिशव्यांपाशी जाऊन बसले.