दोरा तोडणारे दात

—नाही नाही, तू बस गं, मी सरकते. पिशवी राहू दे, ती मी घेते मांडीवर. मी घेते म्हटलं ना, हात नको लावूस. हां. तर काय सांगत होतीस — दहा? पुढचे दहा दात घासून त्यांच्यावर पापुद्रे चिकटवणार तुझ्या? आणि तू मान डोलावलीस? अगं, भिंतीला पोपडे आले की आपण खरवडून काढतो, आणि इथे माणसं रांग लावून पोपडे बसवून घेतात! त्या कागदावर सही केलीस का? नाही ना अजून? मग राहू दे तसाच. एकदा घासलेला दात परत येत नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय त्यात. वाचलं मी, तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा. त्यात काय झालं, उघडाच पडला होता कागद.

आणि ती समोरची चित्रं बघ. पाच बायका, दोन पुरुष, आणि सातही जणांचं तोंड एकच! एका साच्यातून काढल्यासारखं. हिचे पांढरे केलेत — न्हाणीघरातल्या फरशा बऱ्या, इतके पांढरे. हिचे तारेने ओढून आणलेत रांगेत. त्या पलीकडचीची म्हणे हिरडीच कापून वर घेतली. हिरडी म्हणजे काय पडद्याची किनार आहे, लांब झाली म्हणून दुमडायला? आणि ती पारदर्शक टोपणं — दिवसभर दातांवर चढवायची, जेवताना काढून डबीत ठेवायची, जेवलं की परत चढवायची. माणूस आहे की बाटली? तुझा तो सुळा जरासा पुढे आलाय ना, मघाशी फोनवर हसलीस तेव्हाच बघितला मी. तो आत ढकलला तर तुला गर्दीत ओळखायचं कशावरून? कोण म्हणालं तुला वाईट दिसतो म्हणून? कोणीतरी म्हणालंच असणार. आपला दात आपल्याला आपणहून कधी खुपत नाही.

मी? मी कशाला येते इथे! सुपारी फोडेन मी अजून. मी आपली सोबत म्हणून आलेय. आत खुर्चीवर आडवी झालीय ना, ती आमची शेजारीण. टेलरीण म्हणतात तिला सगळे. वय वर्षं चोपन्न. चोपन्न! आणि बाईसाहेबांना हसू सुधारून हवंय. ह्या वयात माणसं असलेले दात टिकवायला येतात, ही सजवायला आलीय. तिच्या पुढच्या दोन दातांत मधोमध खाच आहे — होती. तीस वर्षं टाचण्या दातांत धरायच्या, दोरा दाताने तोडायचा, मग काय होणार? दगडाच्या विहिरीलासुद्धा दोराने चरा पडतो. तिच्या कामाची खूण ती. पण नाही, डॉक्टरांनी त्या खाचेत म्हणे दाताच्या रंगाचा मसाला भरला आणि निळा उजेड टाकून वाळवला. अर्ध्या तासात झालं. त्या आधी रंग निवडायला आले की घेऊन एक पट्टी — बटणाच्या पुठ्ठ्यावर बटणं असतात ना, तशी दातांची ओळ. तर ही म्हणते कशी, डॉक्टर, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, खिडकीशी चला. कापडाला दोरा जुळवतो तसा उभा धरला तिने एकेक दात, आणि बोट ठेवलं बरोबर. डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, माझ्याकडे कामाला या. म्हणजे हुशार आहे गं ती, हुशारीबद्दल मी काही बोलत नाही. अक्कल नाही, एवढंच.

आता विचारशील, चोपन्नाव्या वर्षी हे दात दाखवायचे कोणाला? विचारत नाहीस, पण मी सांगते. चष्मेवाल्याला! आमच्या कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सगळ्या जगाला स्वच्छ दिसावं म्हणून जन्मभर काचा घासल्या, आणि स्वतःला हिच्यात काय दिसलं देव जाणे. हिने त्याचा एक कोट उसवून शिवून दिला, तेवढ्यावरून सुरू झालं. आता तो दुकान बंद करून मुलीकडे राहायला चाललाय, समुद्राकाठी, इथून आगगाडीने रात्रभराचा रस्ता. आणि हिलाही चल म्हणतोय. आज पाच वाजता ती मुलगी येतेय, हिला भेटायला, ठरवायला. ही मला म्हणाली, ताई, त्या मुलीसमोर मला तोंडावर हात ठेवून बसायचं नाहीये. घ्या! म्हणजे मुलगी काय दात मोजायला येतेय? बैलबाजार आहे का?

हात ठेवून म्हणजे — हो, सवय आहे तिला. हसली की हात तोंडावर. पूर्वी नव्हती. पूर्वी हसायची ना, तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग एकदा गच्चीवर सगळे जमलो होतो, अकरा-एक वर्षं झाली, आणि ही अशीच खदाखदा हसत होती, तर मी — कोणीतरी — बरं, मीच म्हटलं, हिचं तोंड मिटा रे, नाहीतर त्या खाचेतून सुतळी ओवता येईल. गंमत होती गं! पोट धरून हसले सगळे. तीही हसली. हात ठेवून हसली. मला काय ठाऊक, तो हात तिथेच राहणार म्हणून? एवढं मनाला लावून घ्यायचं असतं का माणसाने? हळवं मन, दुसरं काय!

तर गेल्या आठवड्यात मसाला भरला. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, बाई, दोरा आता कात्रीनेच तोडायचा. आणि तिसऱ्याच दिवशी हिने काय केलं? कचकन दाताने तोडला! तांदळाच्या कणीएवढा तुकडा पडला तळहातावर. आमच्या ह्यांच्याच सदऱ्याचं बटण लावत होती. तीस वर्षांची सवय, हात मोकळा नसला की तोंड पुढे. कात्री? कात्री असते की, मशीनच्या दांडीला लाल फितीने बांधलेली, छोटीशी. त्या दिवशी नव्हती तिथे. म्हणजे होती, मीच सहज घेतली होती हातात, बोलता बोलता. फीत सुटली आणि ती राहिली माझ्या मांडीखाली. मुद्दाम कशाला? चुकून. आणि मी घाई केली हे खरं — म्हटलं, लवकर आटप गं, गॅसवर दूध आहे माझं. दूध… दूध नव्हतं बाई गॅसवर. पण ते राहू दे. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि लावले दात.

अशी काय बघतेस माझ्याकडे? तुला काय कळतंय? बावीस वर्षं आमची भिंत एक आहे. सकाळी सातला तिचं मशीन सुरू झालं की मला कळतं, दिवस उजाडला. आमच्याकडे बोलायला आहे कोण? हे दिवसाला दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक ‘दार लाव’. सून फोन करते ती मुलाने आठवण केली तरच. उद्या ती खोली कोणीतरी भाड्याने घेईल, दारावर घंटी लावेल, आणि मी वाटी घेऊन गेले तर म्हणेल, आपण कोण? समुद्र बघायचाय हिला! समुद्रात काय असतं, पाणी.

आणि तुकडा पडल्यावर वाटलं होतं, बरं झालं, गेलं खूळ. ती म्हणालीच, ताई, नकोच ते, आता ह्या वयात शोभत नाही, कळवते त्याला. मीही म्हटलं, शहाणी आहेस. घरी आले, चहा ठेवला. आणि मशीन ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी सात वाजले, साडेसात वाजले — काही नाही. मी भिंतीला कान लावला. ही बाई नुसती बसलीय, इतकी गप्प, की तिचं गप्प बसणंच ऐकू येत होतं मला. दोन दिवस. म्हणजे ती इथेच आणि मशीन बंद! त्याला कळवलंही नव्हतं अजून. आज सकाळी मग मीच दार वाजवलं, मीच इथे फोन केला, आणि दंडाला धरून आणलंय. खाली रिक्षात बसेपर्यंत कात्री शोधत होती ती. म्हणत होती, कुठे गेली कळत नाही गं, बावीस वर्षांत कधी हरवली नाही.

—गप्प. खुर्ची सरकली. म्हणजे मीच गप्प बसते. कात्रीचं तू काही ऐकलेलं नाहीस, समजलं? सुळ्याची शपथ आहे तुझ्या.

आलीस का बाहेर? काय गं, किती वेळ हा! चार वाजून गेले. ये, इकडे खिडकीशी ये, ट्यूबलाइटखाली मला काही कळायचं नाही. हात काढ. अगं हात काढ म्हणते ना तोंडावरचा —

हं.

बरं आहे. ठीक आहे. नाही, डोळ्यात काही गेलं नाही माझ्या, ह्या इथल्या औषधाचा वासच असा उग्र. चल, पाचच्या आत पोचायचंय तुला. आणि हे काय, नवं पोलकं घालून आलीस नि बाहीला दोरा लोंबतोय? त्या मुलीला पहिलं तेच दिसेल. टेलरीण म्हणे! — अगं काय करतेस? दाताने नको! खाली कर तो हात! आत्ताच भरलाय ना मसाला, थांब, दाताने नको म्हणते ना, माझ्याकडे आहे पिशवीत, ही घे, कापून टाक —

…

तू काय बघतेस गं टुकूटुकू? दहा दात घासायचेत ना तुला? जा आत. कर सही, नाहीतर नको करूस. जा!