ट्रॉम्बोनवाले आजोबा

मिलवॉकीच्या हॉस्पिटलातल्या कॅन्टीनमध्ये लोरेन सूपच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन शिकाऊ डॉक्टर होते, टेसा आणि ग्रँट.

“सरांनी सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली म्हणे.”

“जळतेस का गं?”

“जळते. त्या ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आजोबांना मी रोज तपासत होते आणि न्यूमोनियाच धरून बसले. तू एकदाच आलास, स्टेथोस्कोप लावलास आणि हृदयाच्या झडपेतला बिघाड पकडलास.”

“तुझी सुट्टी होती म्हणून आलो. नशीब माझं.”

“खरं सांगू? रिपोर्ट येईपर्यंत मनात एकच होतं, तुझं चुकू दे.”

“टेसा!”

“आता ते सुधारतायत, तर माझी मलाच लाज वाटते. पण जळणं काही जात नाही.”

लोरेननं हातातला ट्रे बाजूला ठेवला. ट्रॉम्बोनवाला तिचाच नवरा होता.

“डॉक्टर टेसा, वॉल्टर सकाळपासून तुमची वाट बघतोय.”

टेसानं वळून पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली.

“तुम्ही... ऐकलंत सगळं?”

“ऐकलं. तरी वर चला. दुसऱ्या कुणाशी तो बोलतच नाही.”

ग्रँटनं घसा खाकरला.

“माझं नाव तरी आठवतं का हो त्यांना?”