वैशूची जागा

चाकांचं टेबल दिसलं की मले वैशालीचे बाबा आठवतात.

खामगावात आम्ही डिझाइनचं पीजी करत होतो तेव्हाची गोष्ट. शहराच्या अभ्यासासाठी मोठा स्टुडिओ होता आमचा. तिथं टेबलंच काय, भिंतीही चाकांवर. सर अभिमानानं सांगत, "इथं कोणाचीच जागा ठरलेली नाही." रोज यायचं, टेबल ढकलायचं अन् पाहिजे तिथं बसायचं.

आमच्यातली वैशाली अपघातात गेली. तेरवी झाल्यावर तिचे बाबा वडनेर भोलजीहून हार घेऊन आले. दारातच त्यांनी मले विचारलं, "बाबू, आमच्या वैशूची बसाची जागा कोन्ती?"

मी खिडकीकडे हात केला. त्याच वेळी आमच्या वर्गातल्या रेश्मानं दाराजवळच्या कोपऱ्याकडे केला, अन् सरांनी फळ्याकडे.

बाबा तिन्हीकडे पाहत राह्यले.

सर समजावू लागले, "काका, इथं जागा ठरलेली नसते."

"अशी कशी नसते? घरी आम्ही अजून तिची जागा सोडून जेवाले बसतो."

सर खाली बसले, जवळच्या टेबलाच्या एकेका चाकाचा ब्रेक त्यांनी हातानं दाबला, अन् म्हणाले, "ही, काका."