सात नंबरचा रुमाल

रिकाम्या खुर्चीवर रुमाल दिसला की आजही मी आधी दाराकडे बघतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात मी लालबागच्या एका वाचनालयात कामाला होतो. कुठल्या खुर्चीवर कोण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसलं, हे वहीत लिहायचं. जागा अपुरी पडते, हे वाचनालयाच्या कमिटीला दाखवायचं होतं. कुणी रुमाल टाकून बाहेर गेला तरी जागा भरलेलीच धरायची.

एका सकाळी फौजदार आला. "काल दुपारी सावंत मोर्चात होता ना?"

होता. सावंत आमचा रोजचा वाचक; इथे त्याचा नुसता रुमाल होता. मी वही पुढे केली.

"सात नंबर, सावंत, दोन ते सहा," त्याने वाचलं. "खरं आहे हे?"

"साहेब, जागा भरलेली होती."

त्याने वही मिटली. "उद्या परत येतो. वही तयार ठेव."

संध्याकाळी मी सावंतला हे सांगितलं; वहीमुळे आपण वाचलो, हे त्याने सगळ्यांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशीही मोर्चा होता. अठ्ठावीस जण आले आणि रुमाल टाकून, नाव सांगून निघून गेले. अठ्ठावीस खुर्च्या, माणूस एकही नाही. मी पहिलं नाव लिहायला घेतलं, आणि जिन्यावर बूट वाजले.