टीव्हीतल्या बाईचं डोहाळजेवण

...हसू नका! टीव्हीतल्या बाईचं डोहाळजेवण तुमच्या घरी झालं असतं ना, मंग समजलं असतं! माह्या घरी झालं, इथंच, नेरमधी! आमच्या मैनाबाईनं, म्हंजे माह्या बायकोनं, रोज आठले सिरीयल पाहाले येणाऱ्या साऱ्या बायाइले आवतन देल्लं... "बिचारीले सातवा लागला, माय नाई तिले, आपणच करू!" पुरण शिजून राह्यलं, मी मुकाट्यानं नारळ आणाले गेलतो... माह्यं काय चुकलं?

परतलो तं नात निकिता, यवतमाळले कॉलेजात असते ते, कानाशी येऊन म्हणते, "आबाजी, ते टीव्हीतली बाई पोटाशी नाईच! उशी बांधून फिरते! उद्याचा भाग मोबाईलवर आजच येते, मी पाह्यला." आता? नारळ हातातच! सांगावं तं बायको भडकन, न सांगावं तं उद्या साऱ्या गल्लीत तिचं हसं होईन... अन् तुमाले सांगतो, तिले कोणी हसलेलं मले खपत नाई. गेलो गॅसपाशी, हळूच सांगतलं. तिनं झाराच उगारला! "काहून तिच्या वाईटावर टपले? उद्याचं आज कसं दिसन? उद्या झाला काय अजून?" मी नारळ ओट्यावर ठेवला अन् मांगं सरलो! माह्यं काय चुकलं?

आठ वाजले. टीव्हीच्या काचेले हळद-कुंकू, समोर हिरवा खण, बाया गाणे म्हणून राह्यल्या, निकिता माह्याकडं पाहून राह्यली, मी फरशीकडं.

अन् दुसऱ्या दिवशी... टीव्हीत, सासूच्या पुढ्यात, भर दिवाणखान्यात, पडली ना उशी! साऱ्या बायाइचे डोळे मैनाबाईवर... शेजारच्या बसंतीबाईनं तोंडाले पदर लावला, आता फुटते हसू, आता फुटते... तशी मैनाबाई माह्याकडं बोट करून कडाडली, "या माणसाले कालच मालूम होतं! मोबाईलवर पाह्यलं, अन् मूग गिळून बसला! वरून नारळ आणला!"

झालं! साऱ्या बाया माह्यावर! "असे कसे हो भाऊजी तुमी?" मी तोंड उघडलं... तिच्याकडं पाह्यलं... डोळे भरून आलते तिचे. मिटलं तोंड! माह्यं काय चुकलं?

तवापासून बाया दारातच गाठतात, "भाऊजी, आज काय होते?" मले काय मालूम, माह्याकडं बटनाचा फोन! मंग काय, रोज सकाळी निकिताले फोन लावतो, इचारतो, अन् पहिले मैनाबाईले सांगाले जातो... तं ते कानावर हात ठेवते, "सांगू नका ना, मजा जाते!"