सात शब्दांवर गेली कळशी

…सातच शब्द हुतं, पावणं! मोजून सात. तुमी म्हणशीला, सात शब्दांनी काय हुतंय? बसा. सांगतो. मधी बोलू नका.

मी कृष्णात, गाव अप्पा म्हणतंय. गडमुडशिंगीचा. शिक्षण दुसरी, त्यातली बी निम्मी म्हशीमागं. आमच्याकडं नदीचं पाणी मोटारीनं उचलून रानात आणणारी संस्था हाय, तिचा मी पाटकरी. म्हंजे कुणाच्या उसाला पाणी आधी, कुणाच्या मागनं, ते मी ठरवतो. मी कसला ठरवतोय, चिठ्ठी ठरवती! सगळ्यांची नावं कळशीत टाकायची, मी हात घालायचा, निघंल त्येची पाळी पहिली. एकतीस वर्सं घालतोय हात. हितं माणसं सख्ख्या भावाला बांध मोजून देत्यात, पर माझ्या हातातली चिठ्ठी कुणी उलटून बघितली न्हाय. का? तर अप्पा कुणाचा न्हाय. झालं. एवढीच माझी इस्टेट.

तर संस्थेची निवडणूक लागली. दोन पॅनेल. कपबशीवाला अमरसिंह, विमानवाला गणपतराव. आनि तिसरा तो अभिराम! चांगला पस्तिशीचा गडी, नोकरी सोडून फोनवर बातम्यांचं चॅनल चालवतोय. मी डेअरीत दूध घालून येतोय, हा काठीला फोन लावून आडवा. ‘अप्पा, अमरसिंह चेअरमन झाले तर कसं हुईल?’ मी काय भितो व्हय? म्हणलं, ‘अमरसिंह माणूस चांगला हाय, बोलाय गोड हाय, पर संस्थेला त्येचा काडीचा उपयोग न्हाय, मोटार जळली तवा हा गोव्याला, पाइप फुटला तवा हा लग्नाला, आनि पाणी आलं की पहिला बांधावर!’

खोटं काय त्यात? सांगा की!

चूळ भरून कट्ट्यावर जातोय तर सगळी फोनात तोंड घालून बसल्याली. आकाराम, माझ्या बरोबरीचा, म्हणतोय, ‘कृष्णा, शेवटी उघडा पडलास!’ म्हणलं, ‘कशात?’ तर त्येनं फोन नाकाला लावला माझ्या. बघतोय तर काय, ‘गोड हाय’पाशी कापलं! फुडचा गोवा न्हाय, पाइप न्हाय, लगीन न्हाय! मागं हलगी वाजतीया, माझ्या मिशा वाऱ्यावर हळूऽहळू हालत्यात, आनि वर ही मोठी अक्षरं, ‘अप्पा कपबशीच्या मागं!’ म्हणलं, ‘आकाराम, मी एवढंच बोललो न्हाय.’ त्यो म्हणतोय, ‘आता कशाला लपवतोस? फोनात हाय की!’

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. अमरसिंह गॉगल घालून आभाळाएवढा, आनि खाली शुभेच्छुकांच्या शंभर तोंडांत माझं तोंड. फोटो कुठला? नातवाच्या बारशातला! पोराचं टोपडं बी तसंच खांद्यावर. ना इचारलं, ना पुसलं!

तवर गणपतराव दारात. चा घेतला न्हाय. तुमाला सांगतो, आमच्यात माणूस चा नको म्हणला की समजायचं, संबंध तुटला. ‘अप्पा, आमचं काय चुकलं?’ ‘अवं, मी फुडं बी बोललोय!’ ‘फुडचं कुठं हाय?’ ‘तोंडात हुतं!’ ‘तोंडातलं कोण बघतंय अप्पा? फोनात हाय की!’

गेलो अभिरामकडं. म्हणलं, समदं दाव. तर हसत सांगतोय, ‘अप्पा, तीस सेकंदाच्या वर माणूस थांबत न्हाय. तुमी असं करा, नवीन बोला.’ बोललो. ‘मी कुणाचा न्हाय.’ संपलं. ह्यात कापशील काय लेका? कापलं न्हाईच त्येनं! वर अक्षरं घातली, ‘अप्पांवर दबाव कुणाचा?’ झालं! अमरसिंहाची माणसं जीपला भोंगा लावून हिंडाय लागली, ‘आमच्या अप्पांवर दबाव टाकणाऱ्यांचा निषेध असो!’ माझ्याच दारावरनं! मी अंगणात म्हैस धुतोय, आनि माझ्यावर दबाव!

म्हणलं, घरचं माणूस तरी वळखंल. बायडाबाई, आमची मालकीण, पन्नास वर्सांचा संसार. चष्मा लावून फोन बघत बसलीया. ‘अवं, तुमीच म्हणालासा की. आठ येळा बघितलं मी. कागलच्या आक्काला बी धाडलं.’ म्हणलं, ‘अगं, म्होरं बी बोललोय मी!’ तर कशी म्हणती, ‘तुमास्नी तसं वाटत आसंल. वय झालं. फोनात हाय की!’

मला सांगा, ह्याच्यावर माणसानं काय बोलावं?

मतदानाचा दिवस. माझी रीत काय? पॅनेल बघत न्हाय. माणूस बघतो, कपबशीतली चार, विमानातली चार, घडी घालतो, घरला येतो. त्या दिशी शिक्का हातात घेतला आनि हात काय हालंना. डोक्यात हलगीच वाजाय लागली. गावाला वाटतंय, बायकोला वाटतंय, कागलच्या मेव्हणीला वाटतंय… एवढी माणसं चुकत्यात व्हय? मी एकटाच शाणा? म्हणालो बी असंन. मारला की शिक्का कपबशीवर! एक न्हाय, दोन न्हाय, आख्ख्या पॅनेलवर! आनि खरं सांगू का, त्यो माणूस मला कधीच आवडला न्हवता!

कपबशी आली. अकरा मतांनी. म्हंजे माझं नसतं तरी आली असती, ह्येच्यावर मी आठ दिवस समाधान मानलं.

मग चिठ्ठ्यांचा दिवस. कळशी मांडली, बाही सारली, हात घालणार तवर आकाराम उठला. ‘थांब कृष्णा. तुझा हात आता कपबशीचा हाय.’ म्हणलं, ‘मी कुणाचा न्हाय.’ तसा त्यो तडक बिरोबाच्या देवळात गेला आनि भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. देवाची हळद ती, हातात घेऊन खोटं बोलाय येत न्हाय. माझ्याम्होरं धरली. ‘फोनाचं सोड. जलमभर तुला बघितलंय. भंडारा उचल आनि म्हण, म्या कपबशीला मत दिलं न्हाय. फोन खोटा, आमी बी खोटं. कळशी तुझी.’

पावणं, महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी फोन खिशात घालून मला इचारलं! पंधरा दिस आधी इचारलं असतं तर मूठभर उचलला असता, कपाळाला लावला असता, वर टोपीत टाकला असता…

हात फुडं केला. आख्खी संस्था बघतीया. हात मागं घेतला.

म्हणलं, ‘आकाराम, भंडारा ठेव जा देवळात. फोनाचंच खरं.’