मातीला आधी दुखणं कळू दे

— नाही गं, ती माती नको घेऊस, ती वाटेवरची. त्या ओकच्या झाडाखाली कोपरभर उकर, लालभडक लागेल, तीच जखमेवर चालते. आमच्या अजलूनच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे — आणि तुला त्यासाठी विद्यापीठातून यावं लागलं! बस, चहा घे आधी. आणि मघाशी काय म्हणालीस ते परत सांग. मातीत न दिसणारे जीव असतात, बरं. एकटे असले की औषध करायचा आळस करतात? शेजारी वैरी आला की मगच कामाला लागतात? — अगं, मग माझी आई खुळी नव्हती तर! ती काय करायची, जखमेवरची घाण पट्टी ओल्या मातीत पुरायची, तीन दिवस झाकून ठेवायची, मगच ती माती लावायची. "मातीला आधी दुखणं कळू दे," म्हणायची. आम्ही दोघी बहिणी नाक दाबून पळायचो — मी आणि सुब्हा.

सुब्हा माझी धाकटी. गेली. अकरा वर्षं झाली... नाही, म्हातारी कुठली, पन्नाशीची होती. जैतुनाची फळं तोडताना टाचेत काटा गेला, पाय सुजला, आली माझ्याकडे — आणखी कुणाकडे जाणार? सगळा गाव माझ्याकडेच यायचा. आता त्याच्या आधी काय झालेलं, तर दवाखान्यातली नर्स मला चारचौघींत म्हणालेली, "नाइफच्या आई, घाणीनं घाण बरी होते का? एखाद दिवशी जीव घेशील कुणाचा." लागलं गं मनाला. म्हटलं, थांब, अशी स्वच्छ माती लावते की तू तोंडात बोट घालशील. चाळली, पत्र्यावर पसरली आणि भाकरीच्या भट्टीत घातली — चांगली दोन तास, चटका बसेपर्यंत. पट्टी-बिट्टी काही पुरली नाही. नव्या कापडात बांधली टाचेवर. सुब्हा हसली, म्हणाली, "ताई, आज वास नाही येत."

तिचा मुलगा तिला इस्पितळात न्यायला गाडी घेऊन दारात उभा होता. मीच म्हटलं, चाळीस वर्षांत माझी माती हरली नाही, दोन दिवस थांब. थांबला बिचारा. माझ्या शब्दावर थांबला. तिसऱ्या दिवशी लाल रेघ मांडीपर्यंत चढलेली, आणि मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तिला मी ओळखू येईना.

लोक म्हणाले अल्लाची मर्जी. मी म्हटलं, माती फितूर झाली. तेव्हापासून कुणाला चिमूटभर लावली नाही — अकरा वर्षं मातीला शिव्या घालतेय. आणि भट्टी पेटवली की अजून तिच्या टाचेचा वास येतो मला. सुनेला येत नाही. मलाच येतो.

तू शिकलेली आहेस, पोरी, म्हणून विचारते. ते तुझे जीव — भट्टीत दोन तास — त्यातला एखादा तरी जगला...

मान का खाली घातलीस?

नको. नको सांगूस. पिशव्या उचल तुझ्या. जाताना फाटक ओढून घे.